बेचाळीसचा नमुना

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. बसला तर माझं सांगणं चुकलं म्हणायचं. मेदुवड्याएवढ्या एका रबरी कड्यानं आमच्या भाईंदरच्या खाडीत एका होडी हाकणाऱ्या तांडेलाची अशी जिरवली, की त्या दिवसापासून रेल्वेच्या पुलाखालून जाताना खेकडेसुद्धा मान खाली घालून जातात.

पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या शुभदाबाई दर रविवारी धक्क्यावर मासळीला येतात, त्यांना मी म्हटलं, "बाई, सूड पाहिलाय कधी? माप घेऊन घेतलेला?"

"कोळंबी साफ होईपर्यंत सांगा तात्या," त्या म्हणाल्या. "मग मला निघायचंय."

कोळंबी जागृती साफ करत होती. माझ्या पुतण्याची, दशरथची बायको. तिची मान खाली होती, हात टोपात होते. ती ऐकत नाही असं धरून मी सुरुवात केली.

आमचा खुंट म्हणजे खाडीच्या तळात रोवलेला ताडाचा खांब. त्याला डोलजाळं बांधायचं, ओहोटीचं पाणी जाळ्यात मासळी आणून ओततं. खाडीत असे खुंट पुष्कळ, पण आमच्या खुंटापाशी पाण्याला वळण आहे. तिथं मासळी दमून येते आणि जाळं दिसलं की बसायला जागा मिळाली म्हणून स्वतः आत शिरते.

"तात्या," शुभदाबाई हसल्या.

"बरं, शिरत नसेल. पण येते. माझ्या बापानं तो खुंट रोवला, आणि लीलाधरच्या बापाच्या डोळ्यांत तो तेव्हापासून रुतलाय."

लीलाधर आमचा शेजारी. त्याच्या दोन होड्या, मोठी तो चालवतो आणि धाकटी त्याचा भाऊ स्वरूप. होळीनंतरच्या उधाणाला आमचं जाळं खुंटावर लागलेलं असताना लीलाधरनं मोठी होडी त्यावरून सरळ नेली. जाळं मधोमध फाटलं. गावकी बसली तेव्हा तो म्हणतो कसा, "जालं वाटंत होतं. मी होडी काय डोक्यावर घेऊन जाऊ?" सगळे हसले. दशरथ बोलायला उठला, शब्द सापडेना, बसला. बसला तेव्हा पुन्हा हसले.

जागृतीनं ते फाटकं जाळं तुणायला, म्हणजे सांधायला घेतलं नाही. लीलाधरच्या दाराच्या बरोबर समोर, आमच्या पडवीत टांगून ठेवलं. तिच्या सासूनं विचारलं तर म्हणाली, "राहू दे. सकाली दार उघडला की पयलं तेच दिसला पायजे त्याला." घरात नवं जाळं विणायला बसली ती पाठ मोडेपर्यंत बसायची, पण त्या जुन्याला हात लावू द्यायची नाही.

पावसाळा सरला, नारळी पुनव झाली. आता आमच्याकडे रीत अशी, की पुनवेनंतर मासेमारी सुरू झाली की अवसेच्या उधाणाला, ओहोटी लागायच्या आत, ज्याचं जाळं आपल्या खुंटावर चढलं नाही, त्याचा खुंट त्या सालापुरता मोकळा. जो पहिला पोचेल त्याचा. आणि त्या सालात त्यानं तो सोडला नाही, तर पुढं काढून घेणं म्हणजे दात काढण्यासारखं. लीलाधर आमच्या अवसेकडे डोळे लावून बसला होता. आमचा खलाशीही त्यानं फोडून स्वतःच्या होडीवर घेतला.

आणि नेमकी आमची होडी गळायला लागली.

पाणी नव्हे, तेल. इंजिनाच्या मागं गिअरबॉक्स असतो, त्यातून दांडा बाहेर येऊन पंख्याला जातो. दांडा बाहेर येतो तिथं एक ऑइल सील बसवलेलं असतं. बाहेरून लोखंडी कडं, आत रबराचा ओठ, ओठाभोवती बारीक स्प्रिंग. तो ओठ दांड्याला धरून राहतो आणि तेल आत ठेवतो. आमच्या सीलनं ओठ सोडला. तेल इतकं वाहायला लागलं, की चिखलावरचे निवटे मासे चढायला जायचे आणि घसरून पुन्हा पाण्यात पडायचे. एक बगळा आमच्या नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर बसला तो सुकाणूपर्यंत घसरत गेला आणि उडायचंच विसरला.

"बगळा?"

"पांढरा होता. गेला तेव्हा काळा होता."

लीलाधर धक्क्यावरून ओरडला, "दशरथ! होडीला लंगोट बांध रे, लाज झाकत न्हाय तिची!" त्याच्या बाजूला आमचाच जुना खलाशी उभा होता. तोही हसला.

होडी चिखलात बसली की तेवढ्या ओहोटीच्या वेळात काम करायचं, भरती आली की थांबायचं. दशरथ पोटावर पडून आत शिरला. जोडाचे बोल्ट गंजलेले. पाना घसरला की त्याची बोटं लोखंडावर आपटायची, सालं निघायची, त्या जखमांत तेल. मी वरून पाना देत होतो. सील त्याच्या घरातून, म्हणजे बसायच्या खोबणीतून, निघेना म्हणून त्यानं छिन्नी घातली. सील निघालं, पण तुकडे होऊन. त्याच्या पत्र्यावर माप छापलेलं असतं, ते छिन्नीखाली गेलं.

भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या अलीकडे, स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. त्यांच्या मशीनना बेअरिंगं, सीलं पुरवणारं जितेंद्रशेठचं दुकान तिथंच. आम्ही ते तुकडे काउंटरवर ठेवले.

"ये क्या है, पापड?" शेठ म्हणाले. "काका, नंबर बोलो. नहीं तो साबूत सँपल लाओ. अंदाजे से मैं वडापाव भी नहीं देता."

परत आलो. लीलाधरच्या मोठ्या होडीला आमच्यासारखंच इंजिन, तसाच गिअरबॉक्स. दोन्ही एकाच दलालाकडून आलेले. दशरथ म्हणाला, "तात्या, त्याला विचारू का?"

जागृती आतून म्हणाली, "त्याच्या दारात गेलात तर परत या दारात येऊ नका."

पण अवस जवळ आली होती. दशरथ गेला. मीही गेलो, पोराला एकटं कसं पाठवायचं? लीलाधर खाटेवर बसून चहा पीत होता. आम्हाला बस म्हणाला नाही. दशरथनं उभ्यानंच विचारलं, तर त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. तिथंच मला कळायला हवं होतं. त्यानं पत्र्याचा डबा मागवला, त्यातली दोन जुनी सीलं हातात घेऊन पाहिली, एक मागं ठेवलं, एक दिलं.

"घे. हाच नमुना. शेठला दाखव, बेचालीस बोल. शेजारधर्म काय तो."

शेठनं नमुना पाहून तसंच नवं सील दिलं. बेचाळीस, बासष्ट, दहा. म्हणजे आत बेचाळीस मिलीमीटर, बाहेर बासष्ट, जाडी दहा. घरात ते टुणकन बसलं. बाहेरचं माप अगदी बरोबर. दशरथच्या तोंडावर होळीनंतर पहिल्यांदा हसू आलं. जोड आवळला, तेल भरलं, इंजिन चालू केलं.

तेल आधीपेक्षा जास्त.

"उलटं बसवलं असंल," मी म्हणालो. स्प्रिंगची बाजू आम्ही तेलाकडे ठेवली होती. पण आम्ही पाण्यातली माणसं, आमच्या सात पिढ्या पाणी बाहेर ठेवण्यात गेल्या. घात येतो तो बाहेरून येतो, हे आमच्या हाडात. दशरथलाही पटलं. आम्ही सील काढलं, स्प्रिंग पंख्याकडे, पाण्याच्या बाजूला केली आणि बसवलं. या वेळी तेल गळलं नाही, उडालं. दशरथच्या तोंडावर, छातीवर, माझ्या पांढऱ्या मिशीवर. धक्क्यावर लीलाधरची माणसं बसलीच होती. कुणीतरी शिट्टी मारली.

घरी आलो. दशरथ तसाच तेलानं माखलेला, काढलेलं सील हातात घेऊन उंबऱ्यावर बसला. जागृतीनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातलं नवं सील घेतलं, मग लीलाधरचा नमुना घेतला. दोन्ही बोटांत फिरवत राहिली.

"माप कशाचा घेतलात?" तिनं विचारलं.

"ह्याचाच. नमुन्याचा."

"कासार बांगड्या भरतो तवा जुनी बांगडी मोजतो काय?"

दशरथनं वर पाहिलं.

"कासार हात दाबून बघतो. जुनी बांगडी कुनाची बी असंल. हात आपला असतो." तिनं नमुना जमिनीवर टाकला. "तुमी त्या मेल्याच्या हातातली बांगडी माझ्या हाताला बघताय. दांडा मोजलात का?"

दांडा कुणी मोजला नव्हता. तुम्ही म्हणाल, सोपी गोष्ट. पण आमच्याकडे माप म्हणजे वीत, बोट, वाव. आणि इंजिनाची वस्तू म्हणजे जुनी दाखवायची, नवी आणायची. आजवर तसंच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शेठकडे व्हर्निअर, म्हणजे मिलीमीटर मोजायची दातेरी पट्टी, मागितला. शेठ म्हणाले, "काका, वो मेरे को बायडी से जास्ती प्यारा है." मी म्हटलं, बायकोला सांगतो. तर दिला. वर सांगितलं, की दांडा जिथं गुळगुळीत आहे तिथं माप घ्या, जुन्या ओठानं खाऊन चर पाडली असेल तिथं नको. घराचं तोंड आतून मोजा. खोलीही मोजा. "और स्प्रिंग तेल की तरफ. काका, पानी की तरफ नहीं. तेल को रोकना है, पानी को नहीं." मी मिशीवरून हात फिरवला. मिशी अजून तेलकट होती.

चिखलात गुडघाभर उभं राहून दशरथनं दांडा जुन्या लुगड्यानं पुसला. रॉकेल लावलं, परत पुसला. नखानं चाचपला तर खरंच चर लागली, बारीक, गोल, दोऱ्यानं काचल्यासारखी. तिच्या अलीकडे त्यानं व्हर्निअरचे दात टेकवले. मग दांडा थोडा फिरवून पुन्हा. मग जागृती चिखलात उतरली आणि तिनं तिसऱ्यांदा घ्यायला लावलं.

चाळीस.

घराचं तोंड बासष्ट. खोली दहा. बाहेरून सगळं सारखं, आत दोन मिलीमीटरचा फरक. दोन मिलीमीटर म्हणजे केवढं? जवळ्याच्या मिशीएवढं. तेवढ्यात लीलाधर आमचा खुंट खायला निघाला होता.

दशरथनं व्हर्निअर पुसून पिशवीत ठेवला. मग होडीच्या फळीवर त्यानं अशी मूठ मारली, की सालं निघालेल्या बोटांतून परत रक्त आलं. जागृती म्हणाली, "फली आपली हाय. मारायचं तिथं मारा."

चाळीसचं सील आलं. ओठाला तेल लावून, कागद गुंडाळून दांड्यावरून हळूच सरकवलं, लाकडाचा ठोकळा ठेवून चहूबाजूंनी सारखं ठोकलं. आणि पुरतं आत न नेता नखभर अलीकडे ठेवलं, म्हणजे ओठ जुन्या चरीत न पडता कोऱ्या जागी बसावा. तेल भरलं, इंजिन चालवलं. दशरथनं बोट लावलं. कोरडं. मी लावलं. कोरडं. इतकं कोरडं, की गिअरबॉक्सखाली पापड वाळत घातले असते.

आता इथून पुढची करामत माझी. ती नीट ऐका.

लीलाधरच्या होडीमागं पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी तेलाची रेघ दिसते, हे मी केव्हाच पाहून ठेवलं होतं. त्याचं सीलही झिजत आलं होतं. तो डबा घेऊन वरून तेल ओतत राहायचा, आणि हसायचा आम्हाला. मी त्याचा नमुना स्वच्छ धुतला, फडक्यात बांधला आणि त्याच्या दारात गेलो. दोन्ही हात जोडले.

"लीलाधर, तुझे लई उपकार. हे तुझं परत घे."

"काय जालं?"

"बसलं! मेणासारखं बसलं. पयल्यांदा आमीच उलटं घातलं होतं. तुझं बेचालीस अगदी मापात."

त्याच्या तोंडावरची माशीसुद्धा हलली नाही. मला बस म्हणाला. चहा सांगितला. मी प्यायलो. असा गोड चहा मी त्या घरात पहिल्यांदा प्यायलो. मग तो सहज फिरत आल्यासारखा आमच्या होडीवर आला, वाकला, गिअरबॉक्सखाली बोट घातलं. बोट कोरडं निघालं. ते बोट तो किती वेळ बघत राहिला! त्याच्या डब्यात दोन सीलं होती, एक गिअरबॉक्सचं, एक कुठल्यातरी जुन्या पंपाचं. आपण पंपाचं दिलं असं त्याला वाटत होतं. आता त्याच्या डोक्यात किडा शिरला, की चुकून आपण बरोबरच दिलं. खोटं द्यायला गेलो आणि खरं देऊन बसलो, याचा त्याला एवढा राग आला, की दांडा मोजायचं त्याला सुचलंच नाही. संध्याकाळी त्याचा भाऊ स्वरूप शेठच्या दुकानात उभा होता. काय मागितलं असेल?

"बेचाळीस," शुभदाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली होती. "अहो तात्या, कमाल आहे तुमची!"

जागृतीचे हात टोपात थांबले आणि परत चालायला लागले.

अवस आली. दिवस डोक्यावर यायच्या सुमाराला आम्ही निघालो. खलाशी नव्हता म्हणून जागृती होडीत. नवं जाळं नाळेवर, दशरथ सुकाणूवर, मी मधे. भरती पुरी होऊन पाणी उभं राहायच्या बेतात होतं. ते उभं आहे तोवर खुंट गाठायचा. एकदा ओहोटीनं जोर धरला की डोलजाळं खुंटावर चढत नाही.

लीलाधर आमच्या आधी सुटला होता. त्याला खात्री होती, की आमची होडी वाटेत दगा देणार. खुंटापाशी जाऊन तोंडावर उभं राहायचं आणि ओहोटी लागली रे लागली की जाळं टाकायचं, असा त्याचा डाव. इंजिन फुल सोडलं त्यानं. आणि पुलाच्या अलीकडे आवाज बदलला. इंजिन ओरडतंय, पंखा फिरत नाही. तेल सगळं होडीच्या तळात. धूर निघाला. पाणी हलायला लागलं, होडी आडवी झाली आणि पुलाच्या खांबाकडे ओढली जायला लागली. आमचा जुना खलाशी बांबू घेऊन खांबाशी झुंजायला उभा. लीलाधर आमच्याकडे बघून दोन्ही हात हलवतोय. "काशीनाथ! काशीनाथ, दोर टाक!"

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला नावानं हाक मारली.

बाई, मी उभा राहिलो. त्याच्या होडीपासून हातभर अंतरावरून आमची होडी नेली, आणि विचारलं, "लीलाधर, लंगोट बांधला काय?" बस्स. तोंड फिरवलं. खुंट गाठला, जाळं चढवलं, पहिल्याच ओहोटीला एवढा जिताडा लागला, की तो होडीत घ्यायला त्यालाच खाली उतरून धक्का द्यावा लागला. आणि लीलाधर वाहत वाहत गेला तो पार डहाणूच्या पुढं. तिथं दुसरं लग्न केलं म्हणतात. आमचा खुंट आज—

"खोटं."

जागृतीनं सुरी टोपाच्या काठावर ठेवली. तिनं आवाज चढवला नव्हता. पण आजूबाजूच्या पाट्यांवरच्या बायकांनी माना वळवल्या.

"खोटं बोलताय तात्या. दोर तुमी टाकलात."

शुभदाबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"मी बोलले होते, जाऊ द्या त्याला खांबावर. ह्यांनी पन सुकानू वलवला न्हवता. तुमी उठलात, माझ्या पायाखालचा दोर काढलात आनि टाकलात. त्याला धक्क्यावर वढत आनला, तवर पानी फिरला. स्वरूप मागनं धाकटी होडी घेऊन आला आनि आपल्या खुंटावर जालं चढवून मोकला जाला." तिनं हात पदराला पुसले आणि खाडीकडे बोट केलं. "बाई, ते निले पिंप तरंगतात ना वलनावर, ते त्यांच्या जाल्याचे. तवापासून त्यांचेच हायेत. आमी जेट्टीखालच्या गालात, चिखलात जालं टाकतो."

मी मिशीला हात लावला. काहीतरी सुचलं असतं. जिताड्याचं अजून थोडं वाढवता आलं असतं.

जागृतीनं कोळंबीची पिशवी बांधली, शुभदाबाईंच्या हातात दिली. मग परत सुरी उचलली.

"सूड तिथं घ्यायचा होता, तात्या. माझ्या हाताशी आला होता तो. इथं पाटीशी बसून दर आयतवारी काय घेताय?"